बोल्ट थोरल्याचे, नट धाकट्याचे

वाटणी झाली तेव्हा थोरल्याच्या वाट्याला सगळे बोल्ट आले आणि धाकट्याच्या वाट्याला सगळे नट. हे ऐकून नवखा माणूस आधी हसतो, मग आपली चेष्टा चाललीय की काय म्हणून सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. चेष्टा नव्हे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोघा भावांची दुकानं आहेत, आणि जुन्या गाडीसाठी एक अख्खी जोडी हवी असेल तर गिऱ्हाइकाला दोन्ही उंबरठे झिजवावे लागतात.

धंदा वडिलांचा. जुनी गाडी भंगारात निघाली की तिच्यावर लोकांच्या उड्या पडत. कुणाला इंजिन हवं, कुणाला दिवे, कुणाला दारं. वडील सगळ्यांच्या शेवटी जात आणि उरलेल्या सांगाड्यातून फक्त नट, बोल्ट आणि स्क्रू काढून आणत. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण जुनी गाडी मूळच्यासारखी पुन्हा उभी करायचा नाद ज्यांना असतो, त्यांना इंजिन मिळतं, पत्रा ठोकून मिळतो, गाद्या शिवून मिळतात. घोडं अडतं ते बोल्टापाशी. कारखान्यानं त्या काळी बोल्टाच्या डोक्यावर उठवलेली खूण आजच्या बोल्टावर कुठून येणार? धरून ठेवायला नवा बोल्ट तितकाच पक्का, कदाचित काकणभर सरसच. पण नादी माणूस गाडीखाली वाकून बघतो आणि तो एक नवा बोल्ट त्याला रात्रंदिवस सलत राहतो. अशा माणसांच्या जिवावर दोन पिढ्या जेवल्या.

वडिलांचा एकच दंडक होता. नट काढला आणि बोल्ट बाहेर आला की तो नट लगेच त्याच बोल्टावर हातानं परत चढवायचा. मग डब्यात टाका नाहीतर गटारात, जोडी फुटता कामा नये. वर्षानुवर्षं एकमेकांत बसून दोघांचे आटे एकमेकांना सरावलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्या शेजारी बसत आणि जोड्या रॉकेलमध्ये धूत. बोटांना येणारा तो वास दोघांच्याही अंगात असा मुरला की लग्नात बायकांनी आधी त्याचीच तक्रार केली.

वडील गेले आणि भांडण पेटलं ते चकाकीवरून. धाकट्याचं म्हणणं, लोकांना स्वच्छ वस्तू लागते. गंजके बोल्ट गळ्यात मारायचे दिवस गेले. त्यानं थोरल्याला न विचारता एक पेटी मुलामा द्यायला पाठवली. परत आली तेव्हा आरशासारखी लखलखत होती, आणि ॲसिडनं डोक्यांवरच्या खुणा अर्ध्या खाल्ल्या होत्या. थोरला म्हणाला, यापेक्षा भांड्यांचं दुकान काढ. धाकटा म्हणाला, तू गंज विकतोस आणि त्याला इतिहास म्हणतोस. शब्दानं शब्द वाढला. दोघंही वडिलांवरच गेले होते, म्हणजे माघार हा प्रकार दोघांनाही ठाऊक नव्हता.

शेवटी मामांना बोलावणं गेलं. मामा शांत गृहस्थ. त्यांनी पेट्या निम्म्या-निम्म्या करायच्या ठरवल्या. पण कुठल्या निम्म्या? एकाच्या वाट्याला पेटी गेली की दुसऱ्याला नेमका त्याच पेटीत वडिलांचा जीव दिसायचा. तीन वेळा वाटणी मांडली आणि तीनदा मोडली. मामांचा संयम सुटला. ते म्हणाले, "मग असं करा, एकानं बोल्ट घ्या आणि एकानं नट. म्हणजे बसाल जन्मभर एकमेकांची तोंडं बघत."

मामांना वाटलं, आता तरी शहाणे होतील. दोघंही एका दमात म्हणाले, चालेल.

जन्मभर एक केलेल्या जोड्या मग त्यांनी समोरासमोर बसून फोडल्या. ओसरीवर मधोमध पेट्या, एकीकडे थोरला, एकीकडे धाकटा. नट सोडवायचा, उजवीकडच्या पोत्यात टाकायचा, बोल्ट डावीकडच्या. नुसती लोखंडाची टणटण. दोघी जावा आळीपाळीनं चहा आणून ठेवत आणि आत जाऊन डोक्याला हात लावत. धाकट्या जावेला हसू आवरेना आणि थोरलीला रडू, पण कारण दोघींचं एकच होतं.

सगळ्यात शेवटी एक जोडी राहिली. पुढच्या चाकावरचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यातून आरपार जाणारा वीतभर लांब बोल्ट आणि त्याच्या टोकाशी गच्च गंजून बसलेला नट. वडिलांनी काढलेल्या पहिल्या गाडीतली. थोरल्यानं जोर लावला, धाकट्यानं लावला, ढिम्म. धाकटा म्हणाला, तापवू. थोरला म्हणाला, तापवलंस तर हात मोडीन. मग ठरलं असं की जोडी थोरल्याकडे तेलात बुडवून ठेवायची आणि सुटली की नट धाकट्याकडे पाठवून द्यायचा. दोघांत झालेलं शेवटचं बोलणं ते.

त्यानंतर एवढंच उरलं. रस्त्याच्या त्या टोकाहून येणारं गिऱ्हाईक खिशातले नट थोरल्यासमोर ठेवी, त्यांना जोडीचे बोल्ट मागे आणि जाता जाता म्हणे, "धाकट्यांनी विचारलंय, सुटला का?" थोरला खिडकीतल्या डब्याकडे न बघता म्हणे, "नाही म्हणावं." गिऱ्हाइकांना यात काय गंमत आहे ते कळत नसे, पण निरोप ती इमानानं पोचवत. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. एखादा महिना कोराही जाई. तो महिना थोरल्याला जड जायचा. तो बायकोवर खेकसायचा, जेवणात मीठ कमी म्हणायचा, आणि मीठ बरोबर आहे हे तिला आणि त्याला दोघांनाही माहीत असायचं.

दुसरीही एक गोष्ट थोरल्याला ठाऊक होती. गिऱ्हाईक समोर ठेवी ते नट मुलाम्याचे नसत. करडे, काळपट, जसेच्या तसे, नुसते रॉकेलनं पुसलेले. धाकट्यानं चकाकीचा नाद केव्हाच सोडला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. थोरला नट बोटांत फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा. ज्यावरून भांडण झालं ते भांडण मरून गेलं होतं. फक्त ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आणि मग एक दिवस डब्यातलं तेल बदलताना जोडी थोरल्याच्या हातून निसटली. पडू नये म्हणून त्यानं ती नटाशी पकडली आणि बोल्ट आपल्याच वजनानं फिरला. थोरला जोडी घेऊन स्टुलावर बसला. बोटानं नट ढकलला, फिरला. उलटा ढकलला, उलटा फिरला. इतक्या वर्षांच्या तेलानं आपलं काम केलं होतं. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्यानं पुढचा हिशेब केला. नट काढायचा, कागदात गुंडाळायचा, पाठवून द्यायचा. मग? मग पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक काय विचारणार? सुटलेला नट सुटला का, असं कुणी विचारत नाही.

त्यानं जोडी पुन्हा तेलात ठेवली. दोन दिवसांनी एक रंगारी आला, दाराच्या बिजागरीचे बोल्ट घेतले आणि म्हणाला, "सुटला का म्हणून विचारलंय." थोरला म्हणाला, "नाही म्हणावं." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस होता, कानशिलं तापली. पण हळूहळू सवय झाली. वाईट सवयींना फार शिकवावं लागत नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मध्ये दातांची डॉक्टर आली.

बाई पन्नाशीच्या, किडकिडीत, बोलायला तिखट. त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती आणि दवाखान्यामागच्या शेडमध्ये सुटीच्या दिवशी ती स्वतः जोडत होत्या. दोन्ही दुकानांतून जिन्नस नेत, आणि दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधल्या वेळात चिमट्यानं नट-बोल्टांच्या जोड्या लावत. दिवसभर मी लोकांच्या तोंडात नकली बसवते, त्या म्हणत, घरी एक तरी वस्तू अस्सल दातांची असू दे. थोरल्याला बाई आवडायच्या. त्या घासाघीस करत नसत आणि बोल्टाला खिळा म्हणत नसत.

त्यांची गाडी नेमकी वडिलांच्या पहिल्या गाडीसारखी निघाली. सगळं जमलं, पुढच्या डाव्या पाट्याचा लांब बोल्टही मिळाला, उजवीकडचा मिळेना. तिथं त्यांनी तात्पुरता नवा घातला होता आणि तो त्यांच्या जिवाला घोर लावत होता. एक दिवस दुकानात वाकून कशाचे तरी स्क्रू निवडताना त्यांची नजर खिडकीतल्या डब्यात गेली.

"हा तोच," त्या म्हणाल्या.

थोरला म्हणाला, विकायचा नाही. का नाही? जाम आहे. जाम आहे तर मी सोडवून घेते, जन्मभर तेच केलंय, बाई म्हणाल्या. थोरल्यानं डबा उचलून फळीवर मागे ठेवला आणि सांगितलं की बोल्ट तेवढा माझा आहे, नट माझ्या भावाचा आहे, आणि नट सुटल्याशिवाय बोल्ट देता येत नाही. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू अक्कलदाढ वाकडी आलेला पेशंट समोर बसला आहे. मग पर्स उचलली आणि तडक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

संध्याकाळी त्या परत आल्या ते हसतच. धाकट्यानं नट विकला होता. थोरल्याच्या डब्यात, थोरल्याच्या बोल्टावर बसलेला नट, इकडे येऊन न बघता, तिकडे बसल्या बसल्या विकून मोकळा. आणि वर म्हणाला होता की विकलेली वस्तू काढून देणं हे माझं काम, रविवारी दुपारी मी स्वतः येईन.

"कोण येणार?" थोरल्यानं विचारलं.

"तुमचा भाऊ," बाई म्हणाल्या. "मीही येते."

त्या गेल्यावर थोरल्यानं शटर ओढलं. जी गोष्ट त्याला इतकी वर्षं हवी होती ती अशी चालत येत होती, आणि तिच्या वाटेत त्यानं स्वतःच खड्डा खणून ठेवला होता. धाकटा येणार, नटाला हात लावणार, आणि हात लावताच त्याला कळणार की हा कधीचाच सैल आहे. मग तो म्हणेल, इतकी वर्षं मला खोटं सांगत होतास. एका नटासाठी! नटासाठी नव्हे, असं त्याला कसं सांगायचं? तुझ्या निरोपासाठी, असं म्हणायला थोरल्याची जीभ रेटली नसती. भाऊ हवा असतो असं भावाला सांगायची रीत त्या घरात नव्हतीच.

शनिवारी दुकान बंद केल्यावर त्यानं जोडी बाहेर काढून पुसली आणि ऐरणीवर ठेवली. उपाय सोपा होता. आट्यांवर छिन्नीचा एक टोला, की नट जन्मात हलणार नाही. त्यानं छिन्नी टेकवली. हातोडा उचलला. वडिलांच्या पहिल्या गाडीचे आटे, करकरीत, एकही न दुखावलेला. हातोडा तसाच वर राहिला आणि मग थोरल्यानं तो हळूच खाली ठेवला. काही गोष्टी माणूस भावासाठीसुद्धा करू शकत नाही. मागून बायकोचा आवाज आला. ती केव्हापासून दारात उभी होती कोण जाणे.

"तो सैल आहे हे मला माहितीये," ती म्हणाली. "खिडकी मीच पुसते."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत."

थोरल्यानं जोडी डब्यात परत सोडली. थोरलीनं सांगितलं की आता जे व्हायचं ते होईल, उद्या केस तेवढे विंचरा, आणि ती जेवायला वाढायला निघून गेली.

रविवारी धाकटा आला. दोन मोठे पाने फडक्यात गुंडाळून आणले होते आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता, जो नट सोडवायला कुणी घालत नाही. केस पांढरे झालेले थोरल्याला लांबून दिसले होते. जवळून ते जास्तच पांढरे होते. दाराशी त्यानं वहाणा काढल्या. दुकानात कुणी वहाणा काढत नाही, पण हे दुकान म्हणजे पूर्वीची घरची ओसरी. वहिनीनं विचारलं, "भावजी, बरे आहात ना?" तो म्हणाला, बरा आहे. थोरल्यानं पाठीमागच्या फळीवर काहीतरी शोधायचं नाटक चालवलं. डॉक्टरबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या आणि त्यांनी, नवल म्हणजे, तोंड मिटून घेतलं होतं.

"कुठंय?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं डबा समोर ठेवला. धाकट्यानं बाह्या वर सरकवल्या, तेलात हात घातला, जोडी बाहेर काढली आणि फडक्यावर ठेवून निथळू दिली. मग डाव्या हातात बोल्ट धरला आणि उजव्या हाताचा अंगठा नटावर टेकवला.

अंगठा थांबला. वडिलांच्या शेजारी बसून रॉकेलमध्ये भिजलेली बोटं ती. नट सैल आहे की घट्ट, हे कळायला त्यांना पाना लागत नाही. धाकट्यानं मान वर केली नाही. थोरला समोर उभा होता. आता बोलेल, आता बोलेल.

धाकट्यानं पाने उचलले. एक बोल्टाच्या डोक्याला लावला, एक नटाला. पाय फाकवून उभा राहिला, दम कोंडला आणि जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला, इस्त्रीचा शर्ट काखेत उसवतो की काय असं वाटलं. नट सुटला नाही.

नट सोडवायचा तर एक पाना इकडे आणि दुसरा तिकडे ओढावा लागतो. हे त्या घरात चालायच्या आधी शिकवत. धाकटा दोन्ही पाने एकाच बाजूला ओढत होता.

थोरल्यानं ते बघितलं. आधी त्याला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तो फळीवर पुन्हा काहीतरी शोधू लागला.

धाकट्यानं पाने खाली ठेवले, कपाळ पुसलं. "नाही सुटत, दादा. चांगलाच धरलाय."

"मुरू दे अजून तेलात," थोरला कसाबसा म्हणाला.

"उद्या बघतो परत."

दोघांनाही एकदम गिऱ्हाइकाची आठवण झाली आणि त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बाईंनी आयुष्यभर हातांनी दात हलवून बघितले होते. त्यांना काय दिसलं नसेल? त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली. माझी काही घाई नाही, म्हणाल्या, तोवर नवा बोल्ट आहे घातलेला, गाडी काही अडून बसत नाही. दारात जरा थांबल्या. "पक्का दात उगाच ओढू नये," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

थोरलीनं चहा आणला. धाकटा स्टुलावर बसला, थोरला पेटीवर. कपातला चहा संपेपर्यंत दोघंही डब्याकडे बघत होते. जाताना धाकट्यानं स्वतःच्या हातानं जोडी तेलात सोडली आणि डबा खिडकीत, जुन्या जागी, ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पाने मात्र घरीच विसरला होता.